पुस्तकाच्या कडेवरची काळी रेघ

मागच्या डिसेंबरात सांगलीत विश्रामबागला एका मंगल कार्यालयात किलोवर इंग्रजी पुस्तकं विकायचं प्रदर्शन लागलं होतं. दारातच इलेक्ट्रॉनिक काटा, आत टेबलांवर ढीग, आणि लोक मंडईत वांगी निवडावीत तशी पुस्तकं हातात घेऊन उलटीपालटी करत होते. मी मुलीसाठी पुलांवरचं एक चित्रांचं पुस्तक उचललं, कारण तिला रोज कृष्णेवरचा आयर्विन पूल दिसतो आणि रोज विचारते की आई, पाणी असताना नदीत खांब कसे उभे केले असतील. काट्यावर पाऊण किलो भरलं, पैसे दिले आणि घरी आले.

घरी कव्हर फडक्यानं पुसायला घेतलं तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. मागच्या बाजूला किमतीचं एक जुनं स्टिकर होतं, डॉलरमधल्या किमतीचं, आणि त्यावर दुकानाचं नाव होतं बॉर्डर्स. आणि पुस्तक मिटलं की पानांची जी खालची कड दिसते तिथं काळ्या मार्करची एक सरळ रेघ. मुलगी म्हणाली कुणीतरी पुस्तक खराब केलंय. तर खराब नव्हतं केलं, ती रेघ मुद्दाम मारलेली असते, आणि जगभरची पुस्तकांची मोठमोठी दुकानं का बंद पडली हे समजून घ्यायचं असेल तर त्या रेघेपासनं सुरुवात करणं मला सगळ्यात सोपं वाटतं.

मला ती रेघ ओळखता आली कारण बारावीनंतर आणि कॉलेजची तिन्ही वर्षं जूनचा हंगाम मी हरभट रोडवरच्या एका पुस्तकाच्या दुकानात कामाला होते. मालकांना आम्ही सगळे काकाच म्हणायचो. पुस्तकाला खाकी कव्हर कसं घालायचं इथपासनं ते पुस्तकाच्या धंद्यात पैसा नेमका कुठं अडकतो इथपर्यंत जे काही मला येतं ते काकांनी शिकवलेलं.

तर रेघेचं असं आहे. अमेरिकेत प्रकाशक दुकानदाराला पुस्तक देतो ते साधारण परतीच्या बोलीवर, म्हणजे विकलं गेलं तर पैसे दे, नाही गेलं तर परत पाठव, मी तुझे पैसे वळते करतो. ही पद्धत तिकडं १९३० च्या दशकातल्या मंदीत सुरू झाली, दुकानदार माल उचलायला घाबरत होते म्हणून. मंदी गेली, पद्धत राहिली. आता परत आलेल्या पुस्तकांचं प्रकाशक करणार काय, काही पुन्हा दुसऱ्या दुकानात जातात, काही लगद्याला जातात, आणि काही लॉटच्या लॉट कवडीमोलानं व्यापाऱ्यांना विकली जातात. पण विकायच्या आधी कडेवर अशी रेघ किंवा ठिपका मारतात, म्हणजे तेच पुस्तक फिरून कुठल्या दुकानातनं पूर्ण किमतीच्या परतीसाठी यायला नको. त्या लॉटमधली पुस्तकं कंटेनर भरून आपल्याकडं येतात, वजनावर विकत घेतली जातात, आणि मग वजनावरच विकली जातात. आपण ज्याला किलोचं प्रदर्शन म्हणतो ते त्या न खपलेल्या मालाचं शेवटचं स्टेशन.

आता बॉर्डर्सचं बघू, कारण त्यांची गोष्ट कळली की बाकी बऱ्याच चेनची कळते. चेन म्हणजे एकाच नावाची, एकाच पद्धतीनं चालणारी खूप दुकानं, बाटाचं दुकान सांगलीत जसं तसंच कोल्हापुरात. १९७१ साली अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या अॅन आर्बर गावात, जे विद्यापीठाचं गाव आहे, टॉम आणि लुई बॉर्डर्स या दोघा भावांनी पुस्तकांचं एक दुकान काढलं. लुईनं एक सिस्टीम बसवली की कुठल्या दुकानात कुठलं पुस्तक किती खपतंय हे कॉम्प्युटरवर दिसावं, त्यामुळं प्रत्येक दुकानात त्या गावाच्या आवडीप्रमाणं माल ठेवता यायचा. त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती. १९९२ साली केमार्ट नावाच्या मोठ्या रिटेल कंपनीनं ते विकत घेतलं, पुढं बॉर्डर्स पुन्हा वेगळी कंपनी झाली, आणि दुकानं वाढत गेली, एकेका दुकानात लाखभर वेगवेगळी पुस्तकं, कॉफी, सोफे, सीडी, डीव्हीडी.

लहान दुकानदारांना त्या काळात या चेनचीच भीती होती बरं का. हजारो प्रती एकदम उचलणाऱ्याला प्रकाशक जास्त कमिशन देणार, तो गिऱ्हाइकाला जास्त सूट देणार, कोपऱ्यावरचा दुकानदार कसा टिकणार. आणि दुकानात शिरल्यावर पहिल्या टेबलावर कुठली पुस्तकं मांडायची यासाठी सुद्धा प्रकाशक चेनला पैसे द्यायचे, म्हणजे तुम्हाला वाटतं हे टेबल कुणीतरी वाचून निवडलंय आणि प्रत्यक्षात ती जाहिरातीची जागा असायची. हे मला जेव्हा पहिल्यांदा कळलं तेव्हा खूप वाईट वाटलं होतं, कारण आमच्या दुकानात पुढच्या फळीवर काय ठेवायचं यावरनं काका आणि काकूंची भांडणं व्हायची, आणि ती भांडणं पुस्तकावरनंच असायची.

मग १९९५ च्या जुलैमध्ये अॅमेझॉननं इंटरनेटवर पुस्तकं विकायला सुरुवात केली. पुस्तकंच का, तर पुस्तक नासत नाही, मापात कमीजास्त होत नाही, पोस्टानं पाठवता येतं, प्रत्येकाला आयएसबीएन नावाचा स्वतःचा ओळखनंबर असतो त्यामुळं यादी करायला सोपं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जगात इतकी पुस्तकं आहेत की कुठल्याच एका दुकानात ती मावणार नाहीत. बॉर्डर्सनं २००१ साली काय केलं, तर स्वतःची ऑनलाइन विक्री चालवायला अॅमेझॉनकडंच देऊन टाकली आणि ती व्यवस्था २००८ पर्यंत चालली. म्हणजे सात वर्षं आपली गिऱ्हाइकं स्वतःच्या हातानं स्पर्धकाच्या दारात नेऊन सोडली. त्याच काळात सीडी-डीव्हीडीचा धंदा बसायला लागला, त्यांच्या दुकानात त्याच मालाला मोठी जागा दिलेली, आणि मोठमोठ्या जागांचे लांबलांब मुदतीचे भाडेकरार करून ठेवलेले, ते मोडता येईनात. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला, जुलैमध्ये उरलेली ३९९ दुकानं विकून टाकायचं ठरलं, सुमारे १०,७०० लोकांची नोकरी गेली, आणि त्याच सप्टेंबरात शेवटची दुकानं बंद झाली. माझ्या मुलीच्या पुस्तकावरचं ते स्टिकर त्याच्या आधी कधीतरी चिकटवलेलं आहे.

लोक वाचत नाहीत म्हणून दुकानं बंद पडली असं आपल्याकडं सर्रास बोललं जातं, आणि मला ते अजिबात पटत नाही. वाचणं एक, विकत घेणं दुसरं, आणि कुठनं घेणं हे तिसरं. या तिन्हीची गल्लत केली की उत्तर चुकतं.

माझं म्हणणं असं आहे की पुस्तक दोन तऱ्हेनं विकत घेतलं जातं. एक म्हणजे ठरवून घेतलेलं, आपल्याला नाव माहीत आहे, लेखक माहीत आहे, फक्त हातात हवंय. दुसरं म्हणजे सापडलेलं, ज्याचं नाव दुकानात शिरेपर्यंत आपल्याला माहीत नव्हतं आणि बाहेर पडताना ते पिशवीत होतं. ठरवून घेतलेल्या पुस्तकाला ऑनलाइनसारखी दुसरी सोय नाही, हे मोकळेपणानं मान्य करायला पाहिजे, तिथं लाखभर पुस्तकांचं दुकान सुद्धा कमीच पडतं. आणि सापडणाऱ्या पुस्तकाला लाखभर पुस्तकं लागतच नाहीत, तिथं लागतो कुणीतरी नीट निवड करणारा माणूस. मोठ्या चेनचं झालं काय की एका बाजूला त्यांची फळी इंटरनेटपुढं छोटी पडली आणि दुसऱ्या बाजूला निवड करणारा माणूस त्यांनी कधीच काढून टाकला होता, हेडऑफिस ठरवणार आणि सगळ्या दुकानात तेच टेबल लागणार. दोन्हीकडनं गेलं.

भारतात हे सगळं उशिरा आलं आणि भरभर झालं. चेन्नईत १९८७ साली लँडमार्क सुरू झालं, मुंबईत १९९२ साली क्रॉसवर्ड. मॉलचे दिवस आले तसं त्यांची दुकानं वाढली, लँडमार्क टाटांच्या ट्रेंट कंपनीकडं गेलं, क्रॉसवर्ड शॉपर्स स्टॉपकडं. आणि थोड्याच वर्षांत या दुकानांमध्ये पुस्तकांच्या फळ्या मागं सरकत गेल्या आणि खेळणी, पेनं, गिफ्टच्या वस्तू पुढं येत गेल्या. क्रॉसवर्ड आजही आहे, २०२१ मध्ये ते पुण्याच्या एका उद्योगसमूहानं घेतलं. पण मुंबईत फोर्टमधलं स्ट्रँड, जे चेन नव्हतं, एका माणसानं १९४८ पासनं उभं केलेलं दुकान होतं, ते २०१८ ला बंद झालं, पुण्यातलं मॅनीज त्याच्याही आधी. म्हणजे मोठे तेवढे गेले आणि छोटे राहिले असंही सरळ नाही, आणि का नाही ते कळायला गणित बघावं लागतं.

काकांनी मला हे गणित बिलबुकाच्या मागच्या बाजूला मांडून दाखवलं होतं. आकडे ढोबळ आहेत, प्रत्येक दुकानाचे वेगळे असतील. धरा ३०० रुपयांचं मराठी पुस्तक आहे. प्रकाशक दुकानदाराला ३० टक्के कमिशन देतो, म्हणजे दुकानदाराला ते २१० ला पडतं, सुटतात ९०. गिऱ्हाईक दहा टक्के तरी सूट मागतंच, गेले ३०, राहिले ६०. आता दुकानात अशी चार हजार पुस्तकं आहेत, सरासरी अडीचशे रुपयांची, म्हणजे छापील किमतीनं १० लाखांचा माल, दुकानदाराचे ७ लाख त्यात अडकलेले. तो माल वर्षातनं एकदाच फिरला, म्हणजे सगळा विकून पुन्हा भरला, तर कमिशनचे तीन लाख मिळाले आणि सुटीत एक लाख गेले, उरले दोन. महिन्याला सोळा-सतरा हजार. त्यात मेन रोडवरचं भाडं, लाईटबिल, हाताखालच्या पोराचा पगार, आणि मालकाचं घर. तेवढ्याच जागेत मोबाइलच्या कव्हरांचं दुकान टाकलं तर माल महिन्याला फिरतो. जागामालकाला हे कळतं, आणि मॉलवाल्याला तर चौरस फुटाच्या हिशोबात कळतं.

मग हरभट रोडवरचं दुकान इतकी वर्षं चाललं कशावर, तर जूनवर. हे सांगलीतच काय कुठल्याही जिल्ह्याच्या गावात खरं आहे. मृगाचा पाऊस सुरू व्हायचा आणि दुकानाच्या पायरीपासनं रस्त्यापर्यंत ओल्या छत्र्यांची रांग लागायची, शाळेची यादी हातात धरलेले आई-बाप, आम्ही चौघी-पाच जण नुसतं इयत्ता आणि माध्यम विचारायचो आणि सुतळीनं बांधलेला सेट पुढं सरकवायचो. बालभारतीची पुस्तकं, गाइडं, वह्या, कंपासपेट्या. वह्यांवर मार्जिन चांगलं. त्या पंधरा-वीस दिवसांत जे मिळायचं त्यावर वर्षभर मागच्या कपाटातल्या कथा-कादंबऱ्या आणि कवितासंग्रह जगायचे. पाठ्यपुस्तकं साहित्याला पोसत होती.

तो जून आता तसा राहिला नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांमधल्या आठवीपर्यंतच्या मुलांना पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, आणि ती मिळालीच पाहिजेत, त्याबद्दल तक्रार असायचं कारणच नाही. बऱ्याच इंग्रजी शाळांत सेट शाळेतनंच घ्यावा लागतो. म्हणजे दुकानदाराच्या हातनं दोन्हीकडचं गिऱ्हाईक गेलं. त्याची जागा थोडीफार भरून काढली स्पर्धा परीक्षांनी. आज आपल्याकडच्या कुठल्याही पुस्तकाच्या दुकानात शिरा, पुढची पहिली फळी एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी, चालू घडामोडी. अभ्यासिकेत बसणारी तासगाव-जतची पोरं ही आता सगळ्यात नेमानं पुस्तकं विकत घेणारी माणसं आहेत, हे लक्षात घ्या, वाचनसंस्कृतीवर भाषण करताना त्यांचं नाव कुणी घेत नाही. पण त्यांचा पण पैसा मोजका, त्यामुळं पुस्तक तिघांत एक, नाहीतर झेरॉक्स, नाहीतर मोबाइलवर कुणीतरी पाठवलेली पीडीएफ.

त्यात आलं ऑनलाइन. फ्लिपकार्ट २००७ मध्ये सुरू झालं ते पुस्तकं विकतच, २०१० मध्ये त्यांनी पार्सल हातात मिळाल्यावर पैसे द्यायची सोय आणली, २०१३ च्या जूनमध्ये अॅमेझॉन भारतात आलं. पार्सल आल्यावर पैसे द्यायचे ही आपल्यासाठी काही नवी कल्पना नव्हती हं. माझे आजोबा कवठेमहांकाळला मास्तर होते, ते पुण्याच्या प्रकाशकाला पोस्टकार्ड टाकायचे आणि पुस्तक व्हीपीनं यायचं, पोस्टमन दारात, पैसे मोजून द्यायचे आणि मग पार्सलची दोरी सोडायची. ग्रंथालीसारख्या वाचक चळवळीनं १९७० च्या दशकापासनं गावोगाव पुस्तकं नेली. म्हणजे गावातल्या माणसाला पुस्तक लांबनं मागवायची सवय होतीच, ऑनलाइनवाल्यांनी ती फोनमध्ये आणून ठेवली आणि वर सूट दिली.

ती सूट कुठनं येते हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. वेबसाइटवर पुस्तक विकणारा बऱ्याचदा स्वतः वितरक असतो, त्याला दुकानदारापेक्षा जास्त कमिशन मिळालेलं असतं, त्याचं गोडाऊन गावाबाहेर, मेन रोडचं भाडं नाही. आणि त्या वेबसाइटला पुस्तकातनं लगेच नफा मिळाला नाही तरी चालतं, तुम्ही पुस्तकासाठी आलात की पुढं चप्पल आणि मिक्सर पण तिथनंच घेणार. दुकानदाराकडं मिक्सर नाही.

एक प्रसंग मी विसरले नाही. दुपारची वेळ, एक मुलगा अर्धा-पाऊण तास उभं राहून पुस्तकं चाळत होता, चांगला वाचणारा दिसत होता, काकांनी त्याला स्वतःहून दोन पुस्तकं काढून दाखवली, कुठलं आधी वाच ते सांगितलं. त्यानं मोबाइल काढून दोन्हीच्या कव्हरचे फोटो घेतले, काकांना थँक्यू म्हणाला आणि गेला. काकू म्हणाल्या, "अहो, तो ऑनलाइन मागवणार की." काका म्हणाले, "मागवू दे की. वाचेल तरी." पण त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी हिशोबाची वही नेहमीपेक्षा लवकर मिटली. त्या मुलाचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, दोन पुस्तकांमागं सव्वाशे रुपये वाचत असतील तर विद्यार्थ्याला ते मोठे असतात. पण त्या पाऊण तासात काकांनी जे दिलं त्याचं बिल कुणीच भरलं नाही, आणि असे पाऊण तास रोज साठत गेले की दुकान बंद होतं, इतकं ते साधं आहे.

काही देशांनी यावर कायदाच केलाय. फ्रान्समध्ये १९८१ पासनं नियम आहे की नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवणार आणि कुणीही, कितीही मोठा असला तरी, त्यावर पाच टक्क्यांपेक्षा जास्त सूट द्यायची नाही. मग गिऱ्हाईक सुटीवरनं दुकान निवडत नाही, सेवेवरनं निवडतं. इंग्लंडमध्ये पण १९०० सालापासनं अशी समजुतीची व्यवस्था होती, ती १९९० च्या दशकात मोडली, आणि सुपरमार्केटवाल्यांनी खपाऊ पुस्तकं अर्ध्या किमतीत विकायला सुरुवात केली, खपाऊ पुस्तकंच फक्त. आपल्याकडं एमआरपी म्हणजे त्याच्यावर घ्यायचं नाही, खाली किती जायचं याला काही धरबंध नाही. फ्रान्ससारखा नियम इथं असावा का? मला वाटतं असावा, पण मग सार्वजनिक वाचनालयांना मिळणाऱ्या सुटीचं काय करायचं हे आधी ठरवावं लागेल. राज्यात हजारो वाचनालयं अनुदानावर चालतात आणि मराठी पुस्तकांचा मोठा गिऱ्हाईक तीच आहेत, त्यांना भरपूर सूट द्यायची म्हणून किंमत आधीच चढी छापायची अशी सवय धंद्यात लागलेली आहे, आणि ती चढी किंमत दुकानात उभ्या असलेल्या साध्या वाचकाला दिसते.

परतीचं पण आपल्याकडं अमेरिकेसारखं नाही. मराठीत काही प्रकाशक माल परत घेतात, बरेच नाही घेत, रोखीनं घेतलेला माल दुकानदाराच्या गळ्यात. ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, हरभट रोड, मारुती चौक सगळं पाण्याखाली. पाणी उतरल्यावर मी काकांच्या दुकानात मदतीला गेले होते. शटर अर्धंच वर जात होतं कारण आतली पुस्तकं फुगून कपाटांची दारं फोडून बाहेर आली होती आणि दाराला दाटली होती. पाणी प्यालेलं पुस्तक दुप्पट जाड होतं आणि विटेसारखं जड, पानं एकमेकांना अशी चिकटतात की सुरीनं पण सुटत नाहीत, वर चिखलाचा तो वास. आम्ही घमेल्यानं पुस्तकं बाहेर काढली. त्यातलं एकही परत जाणार नव्हतं. सात लाख मालात अडकलेले असतात असं वर म्हटलं ना, त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

आता थोडं चांगलं सांगते, कारण चेनच्या गोष्टीला एक पुढचा भाग पण आहे. इंग्लंडमधली वॉटरस्टोन्स ही चेन २०११ मध्ये बुडायच्या बेतात होती. ती जेम्स डाँट नावाच्या माणसाकडं चालवायला दिली, ज्याची लंडनमध्ये स्वतःची छोटी दुकानं होती. त्यानं प्रकाशकांकडनं टेबलाच्या जागेचे पैसे घेणं बंद केलं, दोन घ्या तिसरं फुकट वगैरे योजना बंद केल्या, आणि कुठलं पुस्तक मांडायचं ते त्या त्या गावातल्या दुकानाच्या मॅनेजरला ठरवू दिलं. लगेच येणारं मोठं उत्पन्न त्यानं सोडलं. पण परत जाणारी पुस्तकं झपाट्यानं कमी झाली, कारण दुकानात तेच येत होतं जे तिथल्या माणसाला विकता येईल असं वाटत होतं. कंपनी पुन्हा नफ्यात आली. २०१९ मध्ये अमेरिकेतली सगळ्यात मोठी चेन बार्न्स अँड नोबल पण त्याच्याच हाताखाली आली, तिथं पण त्यानं हेच केलं, आणि २०२४ या एका वर्षात त्यांनी पन्नासहून जास्त नवी दुकानं उघडली. किंडल, म्हणजे पडद्यावर पुस्तक वाचायचं अॅमेझॉनचं यंत्र, आलं तेव्हा, २००७ मध्ये, लोक म्हणाले होते की कागद संपला. संपला नाही, आजही छापील पुस्तकंच जास्त विकली जातात. काकांना ही डाँटची गोष्ट मी सांगितली तर ते म्हणाले, "म्हणजे त्यानं काय केलं, दुकानदाराला दुकान चालवू दिलं."

आपल्याकडं ते सापडणारं पुस्तक आता कुठं सापडतं? मला वाटतं बरंचसं प्रदर्शनांत आणि संमेलनांत. २०२६ च्या जानेवारीत साताऱ्यात ९९ वं साहित्य संमेलन झालं, अशा ठिकाणी मंडपात भाषणं चालू असतात आणि गर्दी ग्रंथप्रदर्शनात असते, लोक वर्षाची खरेदी एकदम करून पिशव्या भरून एसटीत बसतात. त्याच जिल्ह्यात महाबळेश्वरच्या वाटेवर भिलार आहे, मे २०१७ पासनं पुस्तकांचं गाव, घराघरांत पुस्तकं मांडलेली, कुणाच्याही ओसरीवर बसून वाचा. वेल्समधल्या हे-ऑन-वाय गावावरनं ती कल्पना घेतलीय, पण तिथं मुळात जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत, विक्री आहे, आणि भिलारला मुख्य काम वाचायचं आहे. मुलीला घेऊन गेले होते, ती स्ट्रॉबेरी खायची विसरली. ऐकायची पुस्तकं पण आहेत, स्टोरीटेल २०१७ च्या शेवटी भारतात आलं ते पहिल्यापासनं मराठी घेऊन, माझी आई कणीक मळताना कादंबरी ऐकते, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासनं तिला तेच सोपं पडतं.

आणि ऑनलाइनचा तोटा सुद्धा मी अनुभवलाय. एका वेबसाइटवरनं मागवलेलं मराठी पुस्तक उघडलं तर अक्षरं फिकट, मधली सोळा पानं उलटी लागलेली, सरळसरळ चोरून छापलेली प्रत. परत करायचं बटण दाबलं, पैसे आले, पण लेखकाला त्यातनं एक रुपया मिळाला नसणार. तशी प्रत काकांच्या दुकानात आली असती तर त्यांनी नुसता कागद चोळून बाजूला ठेवली असती.

पोस्टाचं पण सांगायला पाहिजे, कारण छोट्या प्रकाशकांचं आणि दुकानांचं घरपोच पाठवणं त्यावर चालायचं. रजिस्टर्ड बुकपोस्टची स्वस्त सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, आणि दोनशे रुपयांच्या कवितासंग्रहाला साठ-सत्तर रुपये टपालखर्च यायला लागला. मग मे २०२५ पासनं ज्ञान पोस्ट सुरू झालं, ३०० ग्रॅमला २० रुपयांपासनं ५ किलोला १०० रुपयांपर्यंत. ज्यांना माहीत नसेल त्यांनी पोस्टात विचारा, काउंटरवर कधीकधी स्पीडपोस्टचाच दर सांगतात, ज्ञान पोस्ट म्हणून मागायचं.

काकांनी पुरानंतर दुकान पुन्हा उघडलं, पण खालच्या दोन फळ्या कायमच्या रिकाम्या ठेवल्यात. माल निम्म्यावर आणलाय. व्हॉट्सअॅपवर त्यांचा एक ग्रुप आहे, तीनेकशे माणसं असतील, त्यात ते रोज सकाळी एका पुस्तकाचा फोटो टाकतात आणि खाली स्वतःच्या शब्दांत चार ओळी, हे कुणी वाचावं आणि कुणी वाचू नये. सूट पाच टक्के, फक्त. ज्याला हवं तो नाव लिहितो, नावं जमली की काका पुण्याला अप्पा बळवंत चौकात फोन करतात आणि माल एसटीच्या पार्सलनं येतो. म्हणजे आधी गिऱ्हाईक, मग माल, पैसा फळीवर अडकत नाही. बिलबुकामागचं ते जुनं गणित त्यांनी उलटं करून टाकलंय.

पुलांचं ते काळ्या रेघेचं पुस्तक मी त्यांना दाखवायला नेलं होतं. त्यांनी आधी कड बघितली, मग स्टिकर, मग शेवटी आत काय आहे ते बघितलं. पाण्यात खांब कसा उभा करतात त्याचं चित्र पान दोनभर पसरलेलं आहे, तिथं थांबले आणि माझ्या मुलीला जवळ बोलावून सांगायला लागले की आधी नदीत एक मोठा कप्पा उतरवतात, मग त्यातलं पाणी काढतात. मग मला म्हणाले, "असं मराठीत आहे का गं काही, पुलांवर, पोरांसाठी?" मी म्हटलं बघितलं नाही. त्यांनी मागणीची वही काढली, तारीख टाकली आणि पुढं लिहिलं, पूल, मुलांसाठी, मराठी, पुण्याला विचारणे.